आजीची भुतं, पोलंडची भुतं

आमच्या आजीला भुतं पाठ होती. इतरांच्या आज्यांना आरत्या पाठ असायच्या, तशी. राजापूरजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी दिवे गेले (आणि ते जायचेच) की आम्ही नातवंडं पडवीत तिच्याभोवती जमायचो आणि ती एकेक काढायची. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेली ती हडळ, पाय उलटे. बुडून मेला त्याचा गिऱ्हा होतो, पाण्याच्या कडेला बसतो आणि येणाऱ्याला आत ओढतो. जमिनीच्या तुकड्यात जीव अडकला तो समंध. देवचार मात्र आपल्यातला, गावाची राखण करणारा. त्याला घाबरायचं नाही, फक्त रात्री त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही. चकवा लागला तर धावत सुटायचं नाही, असू तिथेच उजाडेपर्यंत बसून राहायचं. हे सगळं ती इतकं सहज सांगायची की खालच्या वाडीतल्या लोकांबद्दलच बोलतेय असं वाटावं.

आज ती आठवायचं कारण जरा भलतंच आहे. माझ्या भाच्याने मला एक ट्रेलर पाठवलं. "मामा, बघच." डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर' या गेमच्या चौथ्या भागाची घोषणा झाली, तेव्हाचं ते. एका गावात रानातल्या राक्षसाला माणसाचा बळी द्यायची चाल असते आणि एका तरुण मुलीची पाळी आलेली असते. राक्षसाचं नाव बाउक, मूळचा सर्बियाच्या लोककथांमधला. सिरी नावाची नायिका जिवाच्या कराराने त्याला मारते, गावात परत येते, आणि बघते तर त्या मुलीला गावकऱ्यांनीच मारून टाकलेलं असतं. भाच्याला ग्राफिक्स आवडले. मला तिसरा भाग आठवला, आई आठवली, आणि एक गोष्ट जी मी इथे लिहीन लिहीन म्हणत पाच-सहा वर्षं लिहिली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि त्यांनी शेवटचा गेम खेळला तो पत्त्यांचा, त्यामुळे सांगायला हवं. (मामी, हे तुमच्यासाठी.)

आंद्झेय सापकोव्स्की नावाचा एक पोलिश गृहस्थ. फरच्या व्यापारात नोकरी करणारा. त्याने 'फांतास्तिका' मासिकाच्या स्पर्धेसाठी एक कथा लिहिली, तिला तिसरा क्रमांक मिळाला आणि १९८६ साली ती छापून आली. पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्टची ती पहिली गोष्ट. पुढे कथा आल्या, कादंबऱ्या आल्या, आणि २००७ साली वॉर्सातल्या एका कंपनीने त्यावर गेम काढला. दुसरा भाग २०११ चा. त्याच वर्षी ओबामा पोलंडला गेले तेव्हा पंतप्रधान टुस्क यांनी त्यांना हा गेम भेट दिला होता! (आपल्याकडे पाहुण्याला शाल नि श्रीफळ.) तिसरा भाग मे २०१५ मध्ये आला. तोच सगळ्यांत गाजला आणि तोच मी सगळ्यांत जास्त खेळलो. किती तास ते सांगत नाही, बायकोही वाचते.

गेराल्ट म्हणजे विचर. भगत, वैदू आणि शिकारी यांची भेसळ म्हणा. पाठीला दोन तलवारी, एक पोलादी माणसांसाठी, एक चांदीची राक्षसांसाठी. गावोगाव हिंडायचं, चव्हाट्यावरच्या फळ्यावर कागद लागलेले असतात ते वाचायचे, विहिरीवर अमुक दिसतं, रानात तमुक ओरडतं, मग पैशाचं ठरवून कामाला लागायचं.

यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. राक्षस मारायचे गेम पैशाला पासरी आहेत. मीही कॉलेजात असल्यापासून मारत आलोय, हजारोंनी. ते समोरून येतात, आपण माऊसचं बटण दाबत राहतो, ते पडतात, त्यांच्यातून सोन्याची नाणी उडतात. हा राक्षस इथे काय करत होता हा प्रश्न कधी मनात आला नाही. नाणी कुठे ठेवत होता हाही नाही.

विचरमध्ये तो प्रश्न विचारावाच लागतो. या गेममध्ये बेस्टियरी नावाची एक वही आहे. भेटलेल्या प्रत्येक प्राण्याची, भुताची त्यात नोंद होते. काय आहे, कुठे राहतं, कशाला भितं, तलवारीला कोणतं तेल लावायचं. पहिल्या भागात तर अशी गंमत होती की नोंद नसेल तर मेलेल्या राक्षसाच्या अंगातून औषधाच्या उपयोगाचं काही काढताच यायचं नाही. समोर पडलंय, पण तुम्हाला ठाऊक नाही ना, मग हात हलवत परत जा. नोंद मिळवायची तर पुस्तकं विकत घ्यायची, किंवा गावातल्या म्हाताऱ्या बायकांना काहीतरी खायला द्यायचं. मग त्या एखाद्या भुताची माहिती सांगायच्या. मी पहिल्यांदा अशा म्हातारीला खाऊ दिला आणि ती सुरू झाली तेव्हा मोठ्याने हसलो. आमची आजी थेट! तिलाही आम्ही आवळासुपारीची लाच देत असू.

आणि भुतंही अगदी ओळखीची. इंग्रजी नावांमुळे सुरुवातीला लक्षात येत नाही. तिथला 'ड्राउनर' म्हणजे मूळ पोलिश उतोपियेत्स, बुडालेला. आपला गिऱ्हा. 'नूनरेथ' म्हणजे पोवुद्नित्सा. पोवुद्निये म्हणजे भर दुपार. तिकडच्या शेतांत ऐन बाराच्या उन्हात राबणाऱ्याला ही गाठते, म्हणून त्या वेळी शेतात थांबायचं नाही. आता सांगा, 'टळटळीत बाराला विहिरीवर जाऊ नको रे' हे कोकणात कोणत्या पोराने ऐकलं नसेल? हजारो मैल लांबच्या गव्हाच्या शेतातल्या बाईने आणि आमच्या आजीने घड्याळ एकच लावलं होतं. उन्हाची वेळ सांभाळायची हे त्यामागचं शहाणपण, ते कळतंच. पण नुसतं 'ऊन लागेल' म्हटलं तर पोरं ऐकतात होय?

तिसऱ्या भागात अगदी सुरुवातीच्या गावातच एक नूनरेथ आहे. ओसाड वस्ती, मधे विहीर, आणि भर उन्हात विहिरीभोवती घिरट्या घालणारी एक करपलेली बाई. नुसती तलवार घेऊन गेलात तर वार तिच्या आरपार जातो. जमिनीवर मंत्राचं रिंगण आखून तिला त्यात आणलं की मगच ती हाताला लागते. पण ते पुढचं. आधी ती कोण होती ते शोधावं लागतं. पडक्या घरात तिची वही सापडते. लग्न ठरलेली मुलगी, क्लेअर तिचं नाव. गावच्या मालकाशी वैर झालं आणि त्याने वस्तीच्या वस्ती मारली, हिला विहिरीत टांगलं. तिचं कंकण अजून तळाशी आहे. गेराल्ट विहिरीत उतरतो, ते कंकण आणतो, तिच्या हाडांबरोबर जाळतो. आधी अग्नी, मग तलवार. त्याशिवाय ती जात नाही.

हे खेळताना मला आजीच्या यादीतली गोम कळली, तीही वयाच्या चाळिशीत. तिच्या प्रत्येक भुताला कारण होतं. कुणीही उगाच भूत झालेलं नव्हतं. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं बाळंतपण अर्ध्यावर राहिलं, कुणाला बुडताना कुणी हात दिला नाही. गावाने ज्यांचं काही देणं ठेवलं होतं, त्यांची ती यादी होती. आम्ही मात्र पाय उलटे की सुलटे एवढ्यावर घाबरत बसलो.

विचरची भक्ती करतोय असं समजू नका. भुतांची थट्टाही या गेमने पुष्कळ केली आहे. ते उतोपियेत्सच घ्या. एकेक बुडालेला जीव, पण गेममध्ये ते दहा-दहाच्या घोळक्याने किनाऱ्यावर उभे, कुणाला गोष्ट नाही, मारा आणि पुढे चला. नेकर नावाची बुटकी जमात तर नुसती भरती. शेवटी गेमवाल्यांनाही तलवार चालवायला गिऱ्हाइकाच्या पुढ्यात काहीतरी टाकावं लागतं. पण ज्या भुतांना त्यांनी गोष्ट दिली, त्यांना मनापासून दिली. एका बेटावर लेशेन आहे, म्हणजे लेशी, रानाचा धनी. गावातली म्हातारी माणसं म्हणतात त्याला राखू, तरुण म्हणतात मारू. मी मोठ्या उत्साहाने तरुणांच्या बाजूने गेलो, त्याला मारलं, आणि गावात आलो तर पोरांनी म्हाताऱ्यांना कापून काढलं होतं. देवराईत कुऱ्हाड लावल्यासारखं वाटलं त्या दिवशी.

असो. मुद्द्यावर येतो.

२०१९ च्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिने आमच्याकडे होती. आमचं घर छोटं, माझा कंप्युटर हॉलमध्येच. रात्री जेवणं झाल्यावर मी खेळत बसायचो आणि मागे आई खुर्चीत पाय पसरून लसूण सोलत किंवा काहीतरी निवडत. झोप यायची नाही तिला. "काय रे सारखं मारामाऱ्या करतोस," एवढंच म्हणायची. तो गेम मी दुसऱ्यांदा खेळत होतो, तेव्हा पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. याबद्दल मी स्वतःला अजून बोल लावतो.

गोष्ट अशी. एक सरदार आहे, रक्ताळ बॅरन म्हणतात त्याला. त्याची बायको आणि मुलगी नाहीशा झाल्यात. शोधता शोधता कळतं की हा दारू पिऊन बायकोला मारायचा, त्यात तिचा गर्भ पडला. मुलगी होती. तिला त्याने आवारातच कुठेतरी पुरलं. ना विधी, ना नाव. ते अर्भक आता बॉचलिंग झालंय, रात्री मातीतून बाहेर येतं. पोलिशमध्ये याला पोरोनियेत्स म्हणतात, पोरोनिच म्हणजे गर्भ पडणं, त्यावरून. बेस्टियरीतल्या सगळ्या प्राण्यांत मला हेच बघवत नाही. मोठं डोकं, नाळ लोंबतेय, आणि रडणं मात्र खरं बाळाचं.

गेराल्ट सांगतो, दोन वाटा आहेत. मारून टाकायचं. नाहीतर बापाने त्याला उचलून घरापर्यंत न्यायचं, नाव ठेवून आपलं म्हणायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. मग ते घराची राखण करणारं होतं. पोलंडच्या जुन्या समजुतीतून घेतलेलं आहे हे.

पडद्यावर ते दोन पर्याय आले आणि मागे लसूण सोलायचा आवाज थांबला.

"मारणार नाहीस ना?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

मग तो सगळा प्रवास. पाऊस पडतोय, बॅरन त्या ओंगळ जिवाला दोन्ही हातांवर घेऊन चाललाय, गेराल्ट बाजूने. मधे मधे ते बाळ बिथरतं, तेव्हा मंत्राने त्याला शांत करावं लागतं. तीनदा भुतं अंगावर येतात. मी कीबोर्डवर लढत होतो आणि आई म्हणत होती, "अरे त्याच्याकडे बघ, बाळाकडे बघ, ते रडतंय." वाड्यापाशी आल्यावर बॅरन उंबऱ्याशी खड्डा करतो आणि तिचं नाव ठेवतो. देया. असा आडदांड माणूस, पण बोलताना आवाज फुटतो त्याचा.

"बापानं ठेवलं?" आई म्हणाली. "आत्या नसेल त्यांच्यात."

मी गेम थांबवला आणि मागे वळलो. आमच्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते हे मलाही माहीत होतं. आणखी एक गोष्ट माहीत होती, घरातल्या सगळ्यांना असते तशी, म्हणजे न बोलता. माझ्या आधी एक मुलगी झाली होती. १९७३ साली, आईच्या माहेरी. नवव्या दिवशी गेली. ताप आला, दूध ओढेना, तालुक्याच्या गावी न्यायची तयारी होईपर्यंत संपलं. एवढंच. इतक्या भुतांची खडान्‌खडा माहिती असणारी आमची आजी या नातीबद्दल मात्र कधी एक अक्षर बोलली नव्हती.

त्या रात्री आईने सांगितलं. पाचवी पुजली होती. सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, तिने काय लिहायचं ते लिहावं म्हणून. बारावा दिवस यायचा होता. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मामा आणि आजोबा तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खोलीत होती, तिला उठू दिलं नाही. कुठे नेलं ते तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आणि आत्या, माझ्या बाबांची बहीण, तार पोचायच्या आत मुंबईहून निघाली होती. एस्टीतून उतरली ती झबली-टोपडी नि पेढे घेऊन. अंगणात आल्यावर तिला कळलं.

"नाव तिनं काढून ठेवलेलं होतं," आई म्हणाली. "मला म्हणाली होती, सांगणार नाही, पाळण्यातच सांगेन. मग कुणी काय विचारणार? दोन वर्षांनी तू पोटात राहिलास. मग तर विषयच नको म्हणाल्या सगळ्या."

"मग तू तिला काय म्हणतेस?"

"काही नाही. ती."

शेहेचाळीस वर्षं. मी काय बोलणार? बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. मी उठून पाणी आणलं, तिने लसणाची सालं गोळा केली, आम्ही झोपलो. म्हणजे आडवे झालो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा आई फोनवर होती. पलीकडे आत्या, डोंबिवलीहून. आत्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघी ओरडून बोलायच्या, पण त्या दिवशी आई फार हळू बोलत होती, आणि गंमत म्हणजे आत्याला सगळं ऐकू येत असावं. मी चपला काढत दारातच उभा राहिलो.

"तुम्ही तेव्हा काय ठरवलं होतंत, वन्सं?" मग बराच वेळ काही नाही. मग, "हं." मग, "हो, छान आहे." मग परत एकदा, "छान आहे हो."

आत्याला आठवावं लागलं नव्हतं. आई सांगत होती, प्रश्न पुरा व्हायच्या आत तिने नाव घेतलं. ते झबलंसुद्धा तिने टाकलं नव्हतं. पुढे माझ्या बारशाला तेच आणलं होतं, कुणाला न सांगता.

आत्या २०२२ मध्ये गेली.

नाव मी इथे लिहीत नाही. हे लिहायच्या आधी आईला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, सगळं लिही, नाव लिहू नकोस, ते घरातलं घरात राहू दे. ज्यांना कळायला हवं त्यांना तिने स्वतः फोन करून सांगितलंय. मामांनाही केला होता. पुरलं कुठे ते त्यांच्याकडूनच कळलं, पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला, काजीच्या मागे. मामा म्हणाले तिथे अजून काही बांधलेलं नाही.

फोन झाला त्या रात्री मी कंप्युटर लावणार नव्हतो. आईनेच विचारलं, "त्या बाळाचं पुढे काय झालं?" म्हणून लावला. पुढे असं होतं की गेराल्ट रात्री त्या उंबऱ्यापाशी जातो, तिला नावाने हाक मारल्यावर ती बाहेर येते. आता ती तशी भेसूर नसते. फिकट उजेडासारखी पुढे पुढे पळते, थांबते, परत पळते, आणि आपल्या आईचा माग दाखवते. शेवटी एका कोळ्याच्या झोपडीपर्यंत नेते. मी नेहमीच्या सवयीने घोडा बोलवायला गेलो.

"घोडा नको," आई म्हणाली. "चालत जा. ती लहान आहे."